पट्टा कुणाच्या हातात?

२४ एप्रिल १९९८. शारजात फायनल होती, सचिनचा वाढदिवस होता आणि सचिन खेळत होता. त्या रात्री मुलुंडच्या आमच्या सोसायटीत खाली चिटपाखरू नव्हतं. सीझरला मात्र क्रिकेटशी काही देणंघेणं नव्हतं. जेवणं झाली तसा तो दाराशी जाऊन बसला आणि कुंईकुंई करायला लागला.

बाबा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "आज तू नेऊन आण गं. मोठी झालीस आता." मी चपला घालत होते, तेवढ्यात पुन्हा म्हणाले, "पट्टा हाताला दोन वेढे देऊन धर, म्हणजे सुटायचा नाही."

मी बारा वर्षांची होते. सीझर आमचा अल्सेशियन, वजनानं माझ्याइतकाच भरला असता. आपल्याला एकटीला पाठवलं याचा मला इतका आनंद झाला होता की जिने मी जवळजवळ उड्या मारतच उतरले.

खाली दुसऱ्या मजल्यावरच्या आजी शतपावली करत होत्या. त्यांना क्रिकेटचा कंटाळा. कंपाऊंडमध्ये उभ्या असलेल्या एका फियाटखालून मांजर निघालं आणि भिंतीकडे पळालं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. खांद्याला बसलेला हिसका. मी गुडघ्यांवर फरफटत जातेय आणि पट्टा सोडायचा तर तो मनगटाला करकचून आवळलाय. मग ताणलेला पट्टा आजींच्या पायांत आला आणि त्या कुशीवर पडल्या. सीझर कुणालाही चावला नाही. मांजर निसटल्यावर तो मागे फिरला आणि पडलेल्या आजींना हुंगत शेपटी हलवत उभा राहिला.

आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, खर्च बाबांनी दिला. पण शतपावलीला त्या पुन्हा कधी खाली उतरल्या नाहीत.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. कुत्रा बिल्डिंगमधून काढा, असं काहींचं म्हणणं. काहींना त्याच्या तोंडाला जाळी हवी होती. कुणी लशीचा कागद मागितला. एका काकांनी मला विचारलं, "एवढासा कुत्रा धरता येत नाही तुला?" महिन्याभरात सीझर बदलापूरला बाबांच्या ओळखीच्यांकडे गेला. सगळ्या चर्चेत कुत्रा होता आणि मी होते. पट्टा माझ्या हातात कुणी दिला, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

परवा दादाचा घाटकोपरहून फोन आला. त्याच्याकडे दोन वर्षांचा रॉटवायलर आहे. "अगं, हा आता अकरा वर्षांचा झाला. म्हणतो, बाबा, मीच फिरवणार, एकटा. तुला काय वाटतं?" मी पटकन हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. मला काही ठरवायचं झालं की मी आधी मागे जाऊन बघते. आपल्या शहरानं हा प्रश्न कधी विचारलाय का, हे शोधायला मी बसले.

दोरी धरणारा

१८८६ साली यूल आणि बर्नेल या दोघांनी इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलीचा एक जाडजूड कोश छापला, 'हॉब्सन-जॉब्सन'. त्यात एका नोकराचं नाव सापडतं: डोरिया. डोर किंवा डोरी म्हणजे दोरी. ती धरणारा तो डोरिया, म्हणजेच साहेबाचे कुत्रे सांभाळणारा माणूस.

मला हा शब्द फार आवडला, कारण त्यात एक जुनी समज दडलेली आहे. मोठा कुत्रा फिरवणं हे तेव्हा काम होतं. त्यासाठी माणूस ठेवला जायचा, त्याला पगार मिळायचा आणि काही बिनसलं तर त्याला जाब विचारला जायचा. 'जाता जाता जरा खाली नेऊन आण' ही आपली आजची सोय आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये डोरिया कुठून येणार? मग घरात जो मोकळा असेल त्याच्याकडे दोरी जाते. संध्याकाळी सात वाजता उपनगरातल्या घरात मोकळं कोण असतं? आई-बाबा लोकलमध्ये असतात. मोकळी असतात मुलं.

आठ आण्यांचा कुत्रा

मुंबईच्या राज्यकर्त्यांना कुत्र्यांबद्दल पडलेला पहिला मोठा प्रश्न वेगळाच होता: हा कुत्रा कुणाचा?

१८३२ च्या उन्हाळ्यात मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम चालू होती आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत होते. आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. मग मोकाट कुत्र्यांबरोबर घरचे कुत्रेही उचलले जाऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात स्थान आहे. मृत्यूनंतरच्या 'सगदीद' या विधीत मृताला कुत्र्याची नजर पडावी लागते. ६ जूनला फोर्टात पारशी लोकांनी कुत्रे पकडणाऱ्या पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हरताळ झाला, दुकानं बंद राहिली, किल्ल्यातल्या फौजेची रसदसुद्धा अडली. इतिहासात याला मुंबईची 'कुत्र्यांची दंगल' म्हणतात.

दंगल मोडली, पण प्रश्न तसाच राहिला. मालकाचा कुत्रा वाचवायचा आणि बेवारस मारायचा, हेच धोरण पुढे शंभर-दीडशे वर्षं चाललं. भटके कुत्रे मारणं मुंबई महापालिकेनं थांबवलं ते १९९४ साली. पाळीव कुत्र्याला परवाना लागतो तो १८८८ च्या महापालिका अधिनियमाखाली. आजही तो दरवर्षी नव्यानं घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजची लस टोचल्याचा दाखला लागतो. म्हणजे मालक आहे का आणि लस आहे का, हे शहर विचारतं.

आमची उपनगरं या कारभारात बरीच उशिरा आली. महापालिकेची हद्द १९५० साली पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत वाढली, तेव्हा अंधेरी आणि घाटकोपर शहरात आले. बोरिवली आणि मुलुंड आले १९५७ मध्ये. वाड्या, शेतं, बैठ्या चाळी गेल्या. इमारती, लिफ्ट, पार्किंग आलं. कुत्रा अंगणात राहायचा तो चौथ्या मजल्यावर राहायला गेला. अंगणातल्या कुत्र्याला कुणी 'फिरवत' नाही. चौथ्या मजल्यावरच्या कुत्र्याला दिवसातून दोनदा तरी खाली न्यावंच लागतं. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण, हा प्रश्न खऱ्या अर्थानं या इमारतींनी जन्माला घातला.

'कोणीतरी माणूस'

आता दोन कायदे बघा. कंटाळा करू नका, यातच खरी गंमत आहे.

पहिला, मुंबई पोलीस अधिनियम १९५१; आता तो महाराष्ट्राच्या नावानं ओळखला जातो. पोलीस आयुक्तांना जाहीर सूचना काढून रस्त्यावरच्या कुत्र्यांना मुसकं घालायला लावता येतं. यातून सुटतो तो कुत्रा, ज्याला 'कोणीतरी माणूस' धरून नेतोय. कोणीतरी. त्या माणसाचं वय किती, वजन किती, त्याला कुत्रा आवरतो का, याबद्दल एक शब्द नाही.

दुसरा, १८६० ची भारतीय दंडसंहिता. मसुदा मेकॉलेच्या काळचा. तिच्या कलम २८९ चा मथितार्थ असा: आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असेल आणि तो टाळण्याइतकी काळजी कुणी जाणूनबुजून किंवा हलगर्जीनं घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत २९१ क्रमांकानं आलं. दंड पाच हजारांपर्यंत गेला, बाकी भाषा जवळपास तीच राहिली.

यातला कळीचा शब्द आहे 'ताबा'. कायदा 'मालक' म्हणत नाही, 'ज्याच्या ताब्यात' म्हणतो. मग अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात पट्टा असताना कुत्रा कुणाच्या ताब्यात असतो? मुलाच्या म्हणावं, तर हाच कायदा सांगतो की सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा नाही. सात ते बारा या वयात, परिणाम समजण्याइतकी जाण नसेल तर तेही गुन्हा नाही. म्हणजे ज्याला शिक्षा करता येत नाही अशाच्या हातात आपण ताबा देतो आणि स्वतः टीव्हीसमोर बसतो. मालमत्ता पत्नीच्या, कारकुनाच्या किंवा नोकराच्या हातात असली तरी ती मालकाच्याच ताब्यात धरायची, हेही १८६० च्या संहितेत लिहिलेलं आहे. डोरिया तिथे बसतो. मूल त्या यादीत नाही. साहेबाच्या घरात मोठ्या कुत्र्याची दोरी मुलाच्या हातात जाईल, हे बहुधा लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नसावं.

टफी, पग आणि मग रॉटवायलर

मूल आणि कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं तेही तपासून बघायला हवं. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मध्ये टफी होता, पांढराशुभ्र, कडेवर घेता येईल असा. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एक मुलगा चालतो आणि पग त्याच्या मागे मागे जातो, पट्टा नाही, काही नाही. गोव्यात चित्रित झालेल्या त्या जाहिरातीनंतर शहराशहरांत लोक पग शोधत फिरत होते.

पगचं वजन सात-आठ किलो. तो ओढायला लागला तर शाळेतलं मूल त्याला उचलून घेऊन घरी येईल. जर्मन शेफर्डचा नर तीस ते चाळीस किलोंचा असतो. (अल्सेशियन म्हणजे हाच. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना 'जर्मन' शब्द नकोसा झाला म्हणून त्याचं बारसं पुन्हा झालं, आणि ते नाव मुंबईत टिकून राहिलं.) रॉटवायलरचा नर पन्नासच्या आसपास जातो. दहा-अकरा वर्षांची कितीतरी मुलं पस्तीस किलोंचीही नसतात. कुत्रे बदलले, घरं बदलली, डोक्यातलं चित्र मात्र पगचंच राहिलं.

वजनाइतकाच हिसकाही महत्त्वाचा. पट्टा सैल असतो तेव्हा कुत्र्याला पळायला दोन पावलं मिळतात, आणि पट्टा ताणला जाईपर्यंत त्याने वेग घेतलेला असतो. त्याला चार पाय, नखं आणि जमिनीजवळचं अंग. मुलाला दोन पाय आणि चपला. हाताला दिलेले वेढे घट्ट आवळतात आणि सोडून देण्याचा शेवटचा मार्गही बंद होतो. बाबांनी मला प्रेमानं सांगितलेली युक्ती नेमकी उलटी होती.

त्यात आपल्या गल्ल्या. अंधेरी असो की घाटकोपर, प्रत्येक नाक्यावर तिथल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली आहे. पट्ट्यातला परका कुत्रा दिसला की चारजण भुंकत येतात. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही म्हणून तो उलटतो, आणि मधोमध मूल उभं असतं. बोरिवली आणि मुलुंडला नॅशनल पार्कच्या कडेला आणखी एक गोष्ट आहे: कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य. अंधार पडल्यावर तिथे मुलाच्या हातात कुत्रा देणं म्हणजे काय, हे तिथल्या रहिवाशांना मी सांगायला नको.

चावी कुणी दिली?

मुंबईच्या न्यायालयांनी अलीकडे पट्टा धरणाऱ्या मोठ्यांना जाब विचारायला सुरुवात केली आहे. नेपियन सी रोडला २०१० मध्ये एका रॉटवायलरनं एका ज्येष्ठ नागरिकाचे लचके तोडले. त्याच्या मालकाला २०२३ मध्ये तीन महिन्यांची कैद झाली. वरळीत २०१८ मध्ये एकानं समोरचे लोक नको म्हणत असताना कुत्र्याला लिफ्टमध्ये घातलं आणि कुत्रा शेजाऱ्याला चावला; २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला उभ्या रिक्षात एका अकरा वर्षांच्या मुलाला पिटबुल चावत होता आणि कुत्र्याचा मालक पुढे बसून हसत होता. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर आला असेल. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तो याच कलम २९१ खाली.

सरकारनं मात्र जातीवर बोट ठेवलं. १२ मार्च २०२४ च्या केंद्राच्या पत्रकात पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींवर बंदीची भाषा होती. संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलेलं ते पत्रक कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये रद्द केलं. आमच्या मीटिंगसारखंच झालं हे. सगळे कुत्र्याबद्दल बोलत होते.

दुसरीकडे हा प्रश्न विचारला गेलाय. ब्रिटनमध्ये १९९१ साली एका सहा वर्षांच्या मुलीवर पिटबुलनं हल्ला केला आणि त्याच वर्षी धोकादायक कुत्र्यांचा कायदा आला. घाईत केलेला म्हणून त्यावर आजही टीका होते, जातींच्या यादीबद्दल तर फारच. पण त्यातली एक व्याख्या मला मोलाची वाटते: बंदी असलेल्या जातीचा कुत्रा 'पट्ट्यात आहे' असं केव्हा म्हणायचं? सोळा वर्षांपेक्षा कमी नसलेल्या व्यक्तीनं पट्टा नीट धरला असेल तेव्हाच. मुलाच्या हातातला पट्टा हा त्या कायद्यापुरता पट्टाच नाही. कुत्र्याचा मालकच सोळाच्या आतला असेल, तर कायदा कुटुंबप्रमुखालाही मालक धरतो. आयर्लंडच्या १९९८ च्या नियमांतही यादीतल्या कुत्र्यांसाठी सोळा वर्षांची अट आहे. त्या यादीत जर्मन शेफर्ड आणि रॉटवायलर दोघंही आहेत. फ्रान्सनं १९९९ मध्ये अशा कुत्र्यांसाठी अठराची मर्यादा घातली.

आणि आपल्याकडे असा विचार परका आहे असंही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९ अ हे कलम आलं: अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. मला माहीत नव्हतं, किंवा मी पुरेपूर काळजी घेतली होती, हे त्यानं सिद्ध करायचं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेनं दोघांचे जीव घेतले, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. सगळा महाराष्ट्र विचारत होता, चावी कुणी दिली? पट्ट्याबद्दल हे विचारणारी तरतूद मी वर सांगितलेल्या मुंबईच्या कायद्यांत मला सापडली नाही.

तुम्ही म्हणाल, कुत्रा म्हणजे काय गाडी आहे? नाहीच. कुत्र्याबरोबर वाढलेलं मूल वेळ पाळायला शिकतं, दुसऱ्या जिवाची भूक ओळखायला शिकतं. मीही शिकले. म्हणून मुलांना कुत्र्यापासून तोडा असं मी म्हणणार नाही. सोळा या आकड्यातही जादू नाही; सडपातळ मोठ्या माणसालाही पन्नास किलोंचा कुत्रा आवरत नाही. पण मोठ्या माणसाला हे कळतं, तो तसं सांगू शकतो आणि चूक झाली तर तिची जबाबदारी घेऊ शकतो. बारा वर्षांच्या मुलीला 'मोठी झालीस' म्हटलं की ती 'मला झेपणार नाही' असं कधीच म्हणणार नाही. तिला झेपतं की नाही, हे तिच्या वतीनं मोठ्यांनीच ओळखायचं असतं.

बाबा आता नाहीत. त्या रात्रीबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. मला वाटायचं, ते माझ्यावर रागावले आहेत. आता वाटतं, काकांनी 'धरता येत नाही तुला?' विचारलं तेव्हा ते खाली मान घालून का बसले होते, ते मला उशिरा कळलं. त्यांनी तेव्हा 'पट्टा मी दिला होता' एवढं म्हटलं असतं, तरी माझ्या मनगटावरचा तो वळ बराच लवकर गेला असता.

मी दादाला फोन केला. म्हटलं, दोन पट्टे घे. एक तुझ्या हातात, तोच खरा. दुसरा पोराच्या हातात, सैल, आणि हाताला वेढा अजिबात नको. दोघं मिळून जा.

दादा म्हणाला, "अगं, पण त्याला एकट्याला जायचंय."

"त्याला जायचंय," मी म्हटलं, "पण पाठवणारा तू आहेस."

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून भाच्याचा आवाज आला, "आत्या काय म्हणाली?" आणि दादा त्याला म्हणाला, "चपला घाल. मी पण येतोय."